मागं यायचं कसं?

आमच्या परशाअण्णांची मोटारसायकल कधीही बघा, तोंड रस्त्याकडं. लग्नाला गेले तरी, मयताला गेले तरी. "जाताना घाई असली तर?" म्हणतात. मयतात कसली आलीय घाई, हे विचारायची माझी टाप नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या माडीवर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. कारखान्यांची कामं क्लाउडवर चालतात, ती आम्ही सांभाळतो. खाली लोखंड वितळतं, वर आम्ही. अण्णा तिथं आमचे वरिष्ठ. नवा कोड चढवायचा म्हटलं की त्यांचा एकच सवाल, "चढतंय व्हय रं, पण मागं यायचं कसं?" जुना कोड परत आणून दाखवल्याशिवाय नव्याला हात लावू देत नाहीत. तेही हातानं एकेक हुकूम देऊन नाही, आधी लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टनंच. "हात घाबरतो. स्क्रिप्ट घाबरत न्हाय."

एकदा चिकोडीला स्वतःसाठी मुलगी बघायला गेलते. सगळं जमत आलतं. पोह्यांची बशी खाली ठेवून अण्णांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "आणि न्हाय पटलं तर मागं यायचं कसं?" मागं लगेच आले. गाडीचं तोंड रस्त्याकडंच होतं.

आईबाप गेल्यावर धाकट्या बहिणीला, रेखाला अण्णांनीच वाढवलं. बेळगावजवळ बेळगुंदीच्या घरात दोघंच. तिचं निपाणीला ठरलं तेव्हा मी हात जोडले, "अण्णा, त्या वाक्यापायी तुमचं मोडलं. पोरीचं तरी मोडू नका." व्हय म्हणाले.

पाठवणीला बायका डोळे पुसत होत्या. मावशी सांगत होती, "आता तेच तुझं घर गं बाई." अण्णा पुढं झाले आणि रेखाच्या सासऱ्यांना म्हणाले, "निपाणीस्नं बेळगावला शेवटची बस किती वाजता?"

सासऱ्यांची मान ताठ. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. अण्णांनी खिशातनं घराची किल्ली काढून रेखाच्या मुठीत घातली. "कवाबी ये. कुणाला विचारायचं न्हाय." रेखा हुंदके देत देतच हसली आणि त्यांच्या गळ्यात पडली. सासरे खाकरले. "बस कशाला? मीच आणून सोडतो की."

रेखा सुखात आहे. सणाला येते, तेही आधी फोन करून.

परवा दुपारी अण्णांकडं जेवून जरा लवंडलो होतो. वाऱ्यानं दार आपटायला लागलं, म्हणून उठून आतनं कडी घातली. अण्णांनी गुपचूप येऊन काढली.

"अहो, राहू दे की."

"मी रातचीबी घालत न्हाय."

"आणि चोर आला तर?"

"येऊ दे. आतनं कडी घातली तर रेखाची किल्ली कशी चालंल रं?"