पाचूची हिरवी अंडी

श्यामलाबाईंच्या वर्षश्राद्धाला दुपारचा पाऊण वाजला तरी कावळा पानाला शिवेना, आणि याला कारण शरच्चंद्र मेहेंदळे यांचा स्वतःचा कोंबडा होता. कोथरूडमधल्या त्यांच्या जुन्या बंगल्याच्या परसात, मागच्या कठड्यावर, भात-वड्याचं पान ठेवलं होतं. शेजारच्या गच्चीवरून कावळा उतरायचा, अंदाज घ्यायचा, तोच कोंबडा मान ताठ करून त्याच्यावर धावून जायचा. कावळा परत गच्चीवर. असं पाच वेळा झालं. आत वडे आणि खीर तयार होती. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवणार नव्हतं, आणि गुरुजींना अडीच वाजता कर्वेनगरला दुसरं श्राद्ध होतं.

"दहाव्याला तर लगेच शिवला होता," शरच्चंद्र म्हणाले.

"तिथे कोंबडा नव्हता," कुमुदताई म्हणाल्या. कुमुदताई म्हणजे श्यामलाबाईंची थोरली बहीण. बहिणीच्या लग्नानंतर या घरात जे जे चुकलं, ते त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं.

कोंबड्यांचं प्रकरण असं, की शरच्चंद्र बत्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात रंग तपासत होते. रंगवलेल्या पत्र्याकडे नुसतं बघून ते 'अर्धी छटा जास्त' असं सांगत आणि पत्रा परत पाठवत. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरातले रंग तपासू लागले. चहाचा, वरणाचा, नव्या साडीचा. श्यामलाबाईंनी एक महिना सोसलं आणि त्यांना परसात जाऊन बसायला सांगितलं.

परसात बसून त्यांनी वाचलं, की निळी अंडी देणाऱ्या जातीचा कोंबडा आणि तपकिरी अंडी देणारी कोंबडी यांच्या पिलांतून हिरवी अंडी देणाऱ्या कोंबड्या निघतात. मग त्यांनी एका हौशी माणसाकडून तसा कोंबडा आणला. तो माणूस शपथेवर सांगत होता, की कोंबड्याची आई निळी अंडी द्यायची. कोंबड्याकडे बघून ते तपासायची काही सोय नव्हती. पुढची तीन वर्षं त्या कोंबड्याच्या लेकींनी तपकिरी, फिकट तपकिरी आणि दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची अंडी दिली. मेहेंदळ्यांच्या घरात अंडं कोणीच खात नव्हतं. त्यामुळे ती कॉलनीत वाटली जात, आणि लोक ती आभार मानून घेत व कोंबडा पहाटे आरवला की तक्रार करत.

मग दीड वर्षापूर्वी एका कोंबडीने हिरवं अंडं दिलं. शरच्चंद्रांनी तिचं नाव पाचू ठेवलं आणि कॉलनीत पेढे वाटले. पुढच्या पाच-सहा महिन्यांत पाचूने अशी अकरा अंडी दिली. अंडं धुवायचं नाही, धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो, असा त्यांचा घरात सक्त नियम होता. एका शेजाऱ्याने येऊन सांगितलं, की अंडं उकडलं तर पाणी हिरवं झालं. शरच्चंद्रांनी त्यालाच पाणी गाळून घ्यायला सांगितलं.

श्यामलाबाई दवाखान्यात गेल्या त्या दिवसापासून पाचूने हिरवं अंडं दिलं नाही. त्या परत आल्याच नाहीत. पाचू तपकिरी अंडी देत राहिली. शरच्चंद्रांनी खाद्य बदललं, जनावरांच्या डॉक्टरांना आणलं, आणि शेवटी त्यांच्या लक्षात आलं की कोंबडीने शोक धरला आहे. ते येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगत. माणसं चार दिवसांत विसरतात, पण मुकं जनावर बघा, म्हणत. संध्याकाळी ते खुर्ची टाकून पाचूजवळ बसत. त्या घरात दुःख करणारे आपण दोघंच आहोत असं त्यांना वाटे, आणि दोघांपैकी पाचूचं दुःख जास्त खरं आहे असंही.

तर आता कोंबड्याला मागच्या न्हाणीघरात कोंडलं. तिथे आवाज घुमतो हे त्याला आवडलं. तो असा आरवायला लागला, की गच्चीवरचा कावळा उठून थेट वरच्या टाकीवर जाऊन बसला.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "बोलून टाका. नाहीतर मी दर्भाचा कावळा करतो."

दर्भाचा कावळा शरच्चंद्रांना नको होता. ते देवाधर्माचं फार करणारे नव्हते. पण गेलं वर्षभर ते एका गोष्टीचा विचार करत होते, की श्यामला आपल्यावर नाराज होऊन तर गेली नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती काहीतरी सांगत होती, आणि त्यांनी तिला गप्प पडून राहायला सांगितलं होतं. आज खरा कावळा आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

मुलगी नीरजा पुढे झाली. आईच्या पाटल्या मोडणार नाही, तिचा पेटीचा क्लास पुन्हा सुरू करेन, असं तिने हात जोडून सांगितलं. कावळ्याने पंख साफ केले. शरच्चंद्रांनी गोळ्या वेळेवर घेण्याचं कबूल केलं. कावळ्याने पाठ फिरवली.

"तिची इच्छा काय होती ते अख्ख्या कॉलनीला माहीत आहे," कुमुदताई म्हणाल्या. "शरदराव, कोंबड्या काढा."

सगळे शरच्चंद्रांकडे बघू लागले. ते पानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, की निम्म्या कोंबड्या देऊन टाकतो. कावळा हलला नाही. "कोंबडासुद्धा," ते म्हणाले. न्हाणीघरातून उत्तर आलं, पण कावळा गप्प. मग ते म्हणाले, की सगळ्या देतो, फक्त पाचूला ठेवतो.

"श्राद्धात घासाघीस चालत नाही, शरदराव," कुमुदताई म्हणाल्या.

पाचू शरच्चंद्रांच्या पायाजवळ माती उकरत होती. "पाचूसुद्धा," ते अखेर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की गुरुजींनी पंचांगात डोकं घातलं.

कावळा टाकीवरच बसून राहिला.

आता कुमुदताईंकडेसुद्धा मागायला दुसरं काही नव्हतं. शरच्चंद्र कठड्याला धरून उभे होते. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून दुर्गाबाई बाहेर आल्या. त्या खडकवासल्याजवळच्या गावच्या, चौदा वर्षं या घरात स्वयंपाक करत होत्या, आणि कोणी विचारल्याशिवाय बोलत नसत.

"दादा, माझ्याजवळ एक बोलणं हाय वहिनींचं. त्यांनी शपथ घातलीया."

"काय?"

"ती अंडी पाचूची न्हवती. म्हंजे अंडी तिचीच, पर रंग वहिनींचा."

दुर्गाबाईंनी मग सगळं सांगून टाकलं. तीन वर्षं तुम्ही सकाळी खुराड्यात वाकून बघायचा आणि तोंड पाडून आत यायचा, ते वहिनींना बघवेना. त्यांनी बर्फीत घालायचा हिरवा रंग आणला, त्यात व्हिनेगर घातलं, चिमूटभर हळद टाकली. पहिली तीन अंडी ओघळली, ती दुर्गाबाईंनी घरी नेली. चौथं जमलं. ते पहाटे कोंबडीच्या खाली नेऊन ठेवलं. शाकाहारी बाई, अंड्याला हात लावायचा म्हणून आधी हाताला पिशवी बांधायच्या.

नीरजाने तोंडावर पदर धरला. ती रडत होती की हसत होती ते कळलं नाही. शरच्चंद्रांनी पाचूकडे पाहिलं. वर्षभर ते तिचं सांत्वन करत होते, आणि तिला कसलं दुःख झालंय हे तिला विचारायचं राहिलं होतं.

"मला सांगितलं का नाही?" ते म्हणाले.

"एकच रंगवायचं ठरलं व्हतं. संध्याकाळी सांगणार व्हत्या. तर दुपारीच तुम्ही पेढे आणले." दुर्गाबाई थांबल्या. "मग म्हणाल्या, राहू दे. बत्तीस वर्षं रंग तपासत्यात, आपणहून वळखतील. दर बारीला दाराआड उभं राहून बघायच्या, आज वळखतात का. तुम्ही अंडं उजेडात धरायचा आणि म्हणायचा, छटा एकदम अस्सल हाय. त्या पदर तोंडात कोंबून आत पळायच्या. अकरा डाव झालं दादा. शेवटी दवाखान्यात मला म्हणाल्या, एवढं वळखायचं राहिलं बघ ह्यांचं."

शरच्चंद्रांनी विचारलं, "ओघळ एकही नव्हता. पुसून घेत होती का?"

"सुती कापडानं."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी कारखान्यात असतो तरी पास केला असता." त्यांनी नाक पुसलं आणि पानाकडे वळून, एरवी जेवायला हाक मारत तशा आवाजात म्हणाले, "श्यामला, ओळखलं गं."

"सांगितल्यावर कोणीही ओळखेल," कुमुदताई म्हणाल्या.

टाकीवरून कावळा उतरला. न्हाणीघरात आरवणं चालू होतं, त्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. कठड्यावर तो दोन पावलं चालला, भातात चोच घातली आणि वडा उचलून निघून गेला. दुर्गाबाईंनी डोळे पुसले आणि पानं वाढायला आत गेल्या.

जेवताना कुमुदताईंनी कोंबड्या कधी हलवणार ते विचारलं. शरच्चंद्र उत्तर शोधत होते, तोच गुरुजी खिरीची वाटी खाली ठेवून म्हणाले, की ज्या वचनाला कावळा आला नाही ते वचन धरायचं नसतं. आला तो नंतरच्या बोलण्याला. असं कोणत्या ग्रंथात आहे, हे कुमुदताईंनी विचारलं. गुरुजी म्हणाले, उशीर होतोय, आणि आणखी एक वडा घेतला.

निघताना शरच्चंद्र त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. गुरुजींनी स्कूटर सुरू केली, मग पुन्हा बंद केली.

"एक विचारू का? माझ्या नातीला मी सांगून बसलोय, की कोथरूडला एका यजमानांकडे हिरवी अंडी देणारी कोंबडी आहे. ती मागे लागली आहे. आता तिला काय सांगू?"

शरच्चंद्रांनी थोडा विचार केला.

"रविवारी घेऊन या," ते म्हणाले. "फक्त दहानंतर या. मला अजून सवय नाही, पहिली दोन-तीन ओघळतील."