विहिरीत गेलेली चौकट

झाड उभं असेपर्यंत त्याचा उपयोग माणसाच्या ध्यानात येत नाही, म्हणून ते आधी तोडावं लागतं. इंदापूर तालुक्यात निरवांगीच्या झुंबरतात्यांनी हे तत्त्व मनोभावे पाळलं.

तात्यांच्या विहिरीवर जांभळाचं झाड होतं. विहिरीचं पाणी इतकं गोड, की प्रयागबाईंच्या वडिलांनी तांब्याभर पिऊनच तात्यांना लेक दिली होती (मुलगा नंतर पाहिला). पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि सदर जांभळाच्या सावलीत उसाच्या दोन सऱ्या पिवळ्या पडतात असं निदर्शनास आलं. दोन सऱ्या म्हणजे काय चेष्टा हाय व्हय? झाड आडवं झालं. प्रयागबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, पण ही हरकत मुदतीनंतर आल्यामुळे विचारात घेता आली नाही.

लाकूड मात्र तात्यांनी वाया घालवलं नाही. घराला चौकट आणि दार केलं, ओसरीला बाज केली, बायकोच्या समजुतीसाठी एक पोळपाट. ढलप्या चुलीत गेल्या.

उसाला पाणी देताना तात्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. दिवसरात्र सोडलेलंच. जमिनीनंही उपकार ठेवले नाहीत. चारपाच वर्षांत बांधावर पांढरा खार फुटला आणि विहीर खारट झाली. डाळ शिजेना, चहात दूध फाटू लागलं. तात्यांच्या शंभूराजला पाहायला पाहुणे आले. मुलीच्या बापानं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, आणि त्याला एकदम एस.टी. आठवली. दुसऱ्यालाही एस.टी.च आठवली. पोरगं बिनलग्नाचं राहतंय या धास्तीनं तात्यांची झोप उडाली.

तेव्हा प्रयागबाई म्हणाल्या, "जांभळाचं लाकूड टाकलं की इहिरीचं पाणी गोड व्हतं. सासूबाई सांगायच्या."

"मग आदी का न्हाय बोललीस?"

"आदी झाड हुतं की!"

तात्यांनी तातडीनं कार्यवाही केली. बाज विहिरीत गेली. मात्रा कमी पडली म्हणून दार गेलं. मग चौकट. पोळपाटाला हात घातला तेव्हा प्रयागबाईंनी लाटणं उचललं, त्यामुळं तेवढी बाब प्रलंबित राहिली. पाणी होतं तसंच राहिलं (जास्त खारट झालं नाही, हेही यशच). कुत्री मात्र थेट माजघरापर्यंत येऊ लागली.

तिसरे पाहुणे आले ते कऱ्हाटीचे, कोरडवाहू भागातले. तात्यांनी पाणी विचारलंच नाही. कोरा चहा दिला, त्यात मूठमूठ साखर.

"दार न्हाय का वो तात्या?"

"वारं खेळतं राहतं."

"आन् ऊस?"

"नजर पुरंल तितं पत्तुर."

पाहुण्यांनी कप रिकामा केला आणि आपली लेक योगिनी दिली.

लग्नानंतर पहिल्या सकाळी योगिनीनं हंड्यातलं पाणी तोंडाला लावलं. "आत्याबाई, ह्यात मीठ पडलंय का?"

प्रयागबाईंना आपला बाप आठवला आणि पोरीची फार कीव आली. त्यांनी कपबशी पुढं सरकवली. "च्या पी बाळ. त्यात कळत न्हाय."

वाचकहो, तात्यांना हसून झालं असेल, तर तुमचाही चहा निवतोय. साखर दोन चमचे ना? त्याच त्या दोन सऱ्या. गोड झालाय ना?