हात बसेपर्यंत

हरणे कोणालाही जमते; त्यासाठी वेगळे शिक्षण लागत नाही. परंतु हरल्यावर समोरच्याला आपली कीव न येता आपल्याविषयी दबकून आदर वाटावा, अशा रीतीने हरायचे असेल तर पूर्वतयारी लागते, चिकाटी लागते आणि मुख्य म्हणजे सर्वांत अवघड गडी निवडावा लागतो. सोपा गडी घेऊन हरणारा माणूस नुसता हरतो. अवघड गडी घेऊन हरणाऱ्याचा अभ्यास चालू असतो.

हे तत्त्व उद्वाहन निरीक्षकांना कोणी शिकवले नव्हते, ते त्यांच्या अंगातच होते. (उद्वाहन म्हणजे लिफ्ट. कार्यालयात लिफ्ट म्हटले तरी चालते, पण मग पद हलके वाटते.) इमारतींच्या लिफ्ट तपासून त्या सुरक्षित असल्याचा दाखला देणे हे त्यांचे काम. दाखल्यावर सही झाली की ते जिन्याने खाली उतरत. यात विसंगती काही नाही. लिफ्टविषयी जसजसे ज्ञान वाढते तसतसे जिन्याचे महत्त्व पटत जाते, असे ते सांगत आणि सोबतचा वॉचमन मान डोलवत असे.

मारामारीचा व्हिडिओ गेम त्यांच्या घरात आणला तो लेकीने. लेक नुकती नोकरीला लागली होती आणि बापलेकीचे बोलणे 'जेवलीस का' आणि 'दार लावून घे' या दोन वाक्यांवर येऊन ठेपले होते. दोन्ही वाक्ये उपयुक्त होती, पण त्यांच्यावर संध्याकाळ निघत नव्हती. दोघांनी रोज थोडा वेळ पडद्यावर एकमेकांना बडवावे, म्हणजे बोलायला काहीतरी विषय होईल, असा तिचा साधा विचार होता. "बाबा, फार काही नाही," ती म्हणाली. "बटणं दाबायची आणि हसायचं."

आणि तसे झालेही असते. पण नेमके त्या पहिल्या संध्याकाळी साडू घरी आले होते.

साडू हे नाते निसर्गाने तुलनेसाठीच निर्माण केलेले आहे. घर तेच, परीक्षक तेच, प्रश्नपत्रिकाही तीच. मग दोन जावयांच्या निकालांत फरक का, हा प्रश्न उरतोच. पडद्यावर गड्यांची चित्रे आली. प्रत्येकाखाली तारे होते. जितके तारे जास्त, तितका गडी खेळायला अवघड. लेकीने अस्वल घेतले. अस्वलाला एकच विद्या अवगत होती: बटण दाबले की ते गुद्दा मारी. साडूंनी अगदी आपुलकीने सुचवले, "साडूभाऊ, तुम्हीही अस्वलच घ्या. तुम्हाला सोपं पडेल."

'तुम्हाला सोपं पडेल' हे वाक्य पुरुषाच्या आयुष्यात फार घातक ठरते. त्या वाक्यापायी कित्येकांनी गच्चीवरची टाकी स्वतः साफ केली आहे. निरीक्षकांनी अस्वलाकडे पाहिलेही नाही. सगळे तारे भरलेला आणि वर एक तारा चौकटीबाहेर लटकणारा गडी त्यांनी निवडला. तो गडी म्हणजे शिंपी.

शिंपी हा सडपातळ, चष्मा लावणारा, गळ्यात टेप टाकलेला गृहस्थ होता. त्याच्याजवळ हातभर लांब सुई होती. पण मैदानात उतरल्यावर आधी ती ओवावी लागे. एकूण कार्यपद्धती पुढीलप्रमाणे:

(अ) कंट्रोलरवरची दांडी खालून पुढे अर्धवर्तुळात फिरवून दोरा हाती घ्यावा.
(आ) दोन बटणे एकाच क्षणी दाबून तो नेढ्यातून घालावा. ('एकाच क्षणी' म्हणजे 'लगेच एकापाठोपाठ' नव्हे.)
(इ) सुई ओवली गेल्यास प्रतिस्पर्ध्याला टाके घालावेत.
(ई) योग्य वेळी दोरा ओढावा. प्रतिस्पर्धी शिवला जाऊन कोसळतो.
(उ) वरीलपैकी कोणत्याही टप्प्यावर चूक झाल्यास शिंपी स्वतःच शिवला जातो.

अस्वलाला यातले काही ठाऊक नसते. ते (अ) चालू असतानाच येते.

त्या संध्याकाळी निरीक्षक सगळे डाव हरले. साडू मनाने चांगले, त्यांनी डाव मोजले नाहीत. फक्त प्रत्येक डावानंतर 'अरेरे' म्हणाले. लेक हसत होती, आणि ते हसणे आपल्याला नसून खेळाला आहे हे निरीक्षकांना कळायला हवे होते. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि जाहीर केले, "मला येतं. जमत नाहीये, इतकंच."

आपल्या भाषेने माणसाची केवढी सोय करून ठेवली आहे, हे इथे ध्यानात यावे. 'येणे' वेगळे आणि 'जमणे' वेगळे. पोहायला येते पण पाण्यात जमत नाही, असे म्हणणाऱ्याला तो बुडेपर्यंत कोणी खोटे पाडू शकत नाही. या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत कित्येक कर्तबगार माणसे आयुष्यभर सुखाने राहतात. निरीक्षकांनीही तिथे बिऱ्हाड थाटले.

बिऱ्हाडाला सराव कक्ष म्हणतात. हा खेळाचाच एक भाग असून तो निवडल्यावर समोर लाकडाचा एक माणूस उभा राहतो. तो हलत नाही, मारत नाही, 'अरेरे' म्हणत नाही. त्याला कितीही मारले तरी त्याची ताकद आपोआप भरून येते, आणि आपली तर कमीच होत नाही. अशी सोय ना संसारात आहे ना सरकारात. निरीक्षक कार्यालयातून आले की बूट काढून थेट सराव कक्षात जात आणि जेवायला वाढेपर्यंत लाकडी माणसाला टाके घालत. तिथे ते अजिंक्य होते.

शिंप्यात प्रगती कशी होते याचेही त्यांनी शास्त्र बसवले. पहिली पायरी, जमत नाही. दुसरी, येते पण जमत नाही. तिसरी, जमते, पण कोणी बघत असले की नाही. चौथी आणि सर्वोच्च पायरी, "अगं, आत्ता जमलं होतं." त्यांच्या पाहणीनुसार शिंपी खेळणाऱ्यांपैकी शंभरातले नव्वद चौथ्या पायरीवर असतात आणि उरलेले दहा खोटे बोलतात. (पाहणीत एकूण एका व्यक्तीने भाग घेतला.)

विद्या अंगात मुरली की बाहेर दिसतेच. चहाच्या टेबलावर त्यांचा अंगठा अर्धवर्तुळे काढू लागला. एका इमारतीत त्यांनी सवयीने लिफ्टची दोन बटणे अगदी एकाच क्षणी दाबली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. तपासणी करायला निरीक्षक आतच असल्यामुळे बाहेरून कोणाला बोलवावे लागले नाही. घरी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "माझ्याशी भांडताना बरा तुम्हाला कधी सराव लागला नाही." निरीक्षकांनी यावर बराच विचार केला आणि तो खेळ वेगळ्या प्रकारचा असल्याचे नमूद केले.

लेक रोज संध्याकाळी विचारत असे. दुसरा कंट्रोलर हातात घेऊन ती सोफ्याच्या टोकाला बसे. "बाबा, एक डाव?"

"हात बसू दे जरा."

सुरुवातीला ती तिथेच चहा पीत बसे आणि लाकडी माणसाची बाजू घेऊन काहीबाही बोले. मग ती चहाचा कप घेऊन खोलीत जाऊ लागली. निरीक्षकांना ते दिसत होते. म्हणूनच तर ते अधिक नेटाने सराव करत होते. लेकीबरोबर खेळायचे तर नीटच खेळायचे, अर्धेमुर्धे खेळून पोरीचा वेळ का घालवा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रेम असले की माणूस असा जबाबदारीने वागतो.

मध्यंतरी एकदा साडू पुन्हा आले आणि त्यांनी स्वतःच अस्वल हाती घेतले. निरीक्षकांना टाळता आले नाही. त्यांनी डाव सुरू होण्यापूर्वी सुईविषयी थोडी प्रस्तावना केली. ती चालू असतानाच अस्वलाने दोन गुद्दे हाणले. दोरा हातातून गेला, सुई ओवायला वेळ उरला नाही, अस्वल अंगावर आले, आणि जीव घाबरा होऊन निरीक्षकांनी जे सापडले ते बटण दाबले. शिंप्याने अस्वलाला चापट मारली. ही चापट अगदी साधी असते. तिला ना अर्धवर्तुळ लागते ना नेढे. निरीक्षक दाबत गेले, शिंपी चापटा मारत गेला, आणि अस्वल मागे सरकत सरकत भिंतीला टेकून आडवे झाले.

लेकीने टाळ्या वाजवल्या आणि बापाच्या खांद्यावर डोके टेकून ती पोट धरून हसली. शाळेत असताना ती असे हसायची. निरीक्षकांना फार बरे वाटले. इतके बरे त्यांना कित्येक दिवसांत वाटले नव्हते.

पण अभ्यासू माणसाला बरे वाटून चालत नाही. त्यांनी घसा खाकरला. "हा डाव धरू नका," ते म्हणाले. "सुई ओवलेलीच नव्हती. तांत्रिकदृष्ट्या हा विजय होत नाही."

साडूंनी अत्यंत आनंदाने मान्यता दिली. बायकोही नको म्हणाली नाही. फक्त लेकीने खांद्यावरचे डोके उचलले. "बाबा, जिंकलात की तुम्ही," ती म्हणाली. ते तिला चापट आणि टाका यांतला मूलभूत फरक समजावून सांगू लागले तेव्हा तिने टीव्हीचा आवाज कमी केला आणि सगळे ऐकून घेतले. त्यानंतर तिने 'एक डाव?' असे विचारणे सोडले. निरीक्षकांनी याचा अर्थ, सरावाला आता पूर्ण वेळ मिळेल, असा काढला.

पुढे लेकीची दुसऱ्या शहरात बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी तिच्या बॅगा दाराशी लागल्या होत्या आणि बायको तिसऱ्यांदा डबा बांधत होती. निरीक्षकांनी रजा टाकली होती. आज काहीही झाले तरी लेकीबरोबर एक डाव खेळायचाच, असे त्यांनी ठरवले होते, आणि तसे त्यांनी तिला सांगितलेही. ती लगेच दुसरा कंट्रोलर घेऊन आली.

"पाचच मिनिटं," ते म्हणाले. "हात गरम करून घेतो."

ती सोफ्याच्या टोकाला बसली. निरीक्षक सराव कक्षात शिरले. दोरा हाती आला, नेढ्यातून गेला, पहिला टाका बसला आणि दुसरा चुकला. शिंपी शिवला गेला. पुन्हा दोरा. मागे कोणाचा तरी फोन वाजला, बॅगा सरकल्याचा आवाज झाला, बायको काहीतरी म्हणाली. निरीक्षकांनी मान वळवली नाही, कारण चार टाके सलग पडले होते. मग पाचवा पडला. त्यांनी श्वास रोखून दोरा ओढला आणि लाकडी माणूस वरपासून खालपर्यंत शिवला जाऊन धाडकन कोसळला. इतका स्वच्छ दोरा त्यांच्या हातून आजवर ओढला गेला नव्हता.

"बघितलंस?" ते वळून म्हणाले.

लेक दारात उभी होती. तिने बूट घातले होते, पाठीला सॅक होती, आणि तिने खरोखर सगळे बघितले होते. "जमलं, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसली. "अगदी नीट जमलं."

"ये, आता खेळू."

"आता गाडी आली खाली."

खेळाचे यंत्र तिने नेले नाही. ते तुमच्याकडेच राहू द्या, तिथे मी दुसरे घेईन, असे ती म्हणाली. निरीक्षकांनी तिच्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि जिन्याने खाली नेल्या. लेक लिफ्टने गेली. त्यामुळे ती आधी पोचली आणि निरीक्षकांना निरोपाचे दोन शब्द बोलायला धापेतून सवड मिळाली नाही. 'दार लावून घे' असे मात्र ते गाडीचे दार लावताना म्हणाले.

विज्ञानाने अंतर नाहीसे केले आहे, ही गोष्ट खरी. महिन्याभरात लेकीने तिथे यंत्र घेतले आणि आपापल्या घरी बसून एकमेकांशी खेळता येते असे फोनवर कळवले. आता निरीक्षक कार्यालयातून येऊन सराव कक्ष उघडतात तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात तिचे नाव दिसते. नावाशेजारी हिरवा ठिपका असला की ती तिकडे बसलेली असते. निरीक्षकांना त्या ठिपक्याने हुरूप येतो. ते बटण दाबून तिला बोलावणार असतात, फक्त त्याआधी एकदा दोरा नीट ओढून घेतात. एकदा नीट ओढला की दुसऱ्यांदाही तसाच ओढला जातो का, हे पाहणे ओघाने येते. ठिपका बराच वेळ असतो. मग जातो.

वाचकांनी निरीक्षकांना नावे ठेवू नयेत. आपल्याही फोनमध्ये एक नाव आहे. नीट सवड काढून, काय बोलायचे ते मनाशी जुळवून, मग निवांत फोन करू, असे आपण बरेच दिवस म्हणत आला आहात. आत्ताही वाचताना मध्येच ते नाव आठवले, तेव्हा 'एवढी गोष्ट वाचून होऊ दे' असे म्हणून आपण इथवर आलात. गोष्ट वाचून झाली आहे.