बेचाळीस पानांत न मावलेली जीप

विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत धावपट्टी एकच होती आणि मोठे सरही एकच. दोघांना आडवं जायची कोणाची छाती नव्हती. तरीही ‘धावपट्टी अडल्यास काय करावे’ यावर सरांनी बेचाळीस पानी योजना लिहिली आणि तपासनीस येणार त्याच दिवशी तिची तालीम ठेवली. तीन विद्यार्थी एकेकटे आकाशात असताना जीप धावपट्टीवर आडवी लावायची, सरांनी रेडिओवर “धावपट्टी बंद” म्हणायचं, पोरांनी “समजलं” म्हणायचं, की दोन मिनिटांत जीप बाजूला. शाळेची मान्यता तपासनिसांच्या शेऱ्यावर लटकलेली.

“साहेब, ही बया एकदा बंद पडली की सुरू व्हायची खात्री नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

“पान सतरा. इंजिन बंद. वाचलंस का?”

“मी जीप वाचलीय, साहेब.”

जीप आडवी लागली, बंद झाली आणि बंदच राहिली. गिअरही अडकला. दोन मेकॅनिक धावत येऊन ढकलू लागले, पण ती तसूभर हलेना.

“काय जीव तोडून ढकलतायत हो!” वर रेडिओच्या खोलीत तपासनीस दुर्बिणीतून बघत म्हणाले. “अगदी खरं वाटतंय.”

सरांना घाम फुटला. त्यांनी माइक धरला. “सगळ्यांनी ऐका! धावपट्टी खरोखर बंद आहे. उतरू नका!”

“समजलं, सर,” तिन्ही आवाज आले आणि पहिल्या विमानातली मुलगी उतरायच्या वळणाला लागली.

“अगं, खरोखर म्हणतोय मी!”

“हो सर. पान तेवीस. ‘आवाजात घबराट आणून खरोखर असे म्हटले जाईल.’”

“जीप दिसत नाही का तुला?”

“दिसतेय ना. पान पंचवीस. ‘जीप दिसली तरी बिचकू नये, ती वेळेत हटेल.’ सर, तुमची घबराट मस्त जमलीय.”

तालीम संपल्याचं कसं सांगायचं, ते शोधत सर पानं उलटू लागले. नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

धाकट्या मॅडमही त्याच शाळेत शिकवायच्या, पण योजनेत त्यांच्या वाट्याला फक्त तपासनिसांचा चहा आला होता. त्यांनी कप आपटला आणि माइक हिसकावला.

“पोरी, मी मॅडम बोलतेय. जीप अडकलीय, खाली माणसं आहेत. वर जा! तिघंही शेजारच्या विमानतळावर उतरा.”

“हे कितव्या पानावर आहे, मॅडम?”

“कुठल्याच नाही!”

“अगं बाई! मग खरंच आहे!”

इंजिन किंचाळलं. ड्रायव्हर आणि मेकॅनिक पालथे पडले आणि त्यांच्या डोक्यांवरून विमान वर निघून गेलं.

अर्ध्या तासाने फोन आला. तिघंही शेजारी सुखरूप उतरले होते. सर खुर्चीत कोसळले.

“वा!” तपासनिसांनी दुर्बीण खाली ठेवली. “तो शेवटचा, पानाबाहेरचा भाग कोणाची कल्पना?”

सरांनी मॅडमकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

“माझीच.”

“मग उद्या आमचे वरिष्ठ येतायत, त्यांनाही करून दाखवा. अगदी असंच. विमान डोक्यावरून गेलं पाहिजे.”

सर केविलवाणे होऊन मॅडमकडे वळले. त्या पर्स खांद्याला अडकवत होत्या.

“उद्या मी रजेवर आहे, सर.”