गाण्यासाठी तीन दिवस आधी अर्ज

या, असे जवळ सरका. कडेच्या बाकावर बसलात तर ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी तिच्यातून शहाणं व्हायचं ते आता फार मोठे साहेब झालेत. आमच्या एसियाक्रोम गावच्या चॅपलात एका रविवारी उपदेश सुरू झाला आणि काही केल्या संपेचना, त्याची ही गोष्ट.

तेव्हा ओसोफो बेंट्सिल आमचे नवे पाळक होते; पाळकाला आम्ही ओसोफो म्हणतो. वय बत्तीस, काळा सूट, टोकदार बूट. त्यांना मिळालेली मंडळी मात्र म्हातारी होती. तरुण पोरं शहरात गेलेली, पत्रे गंजलेले, बाकांना वाळवी. त्यातच वरच्या कचेरीचं पत्र आलं: दोन महिन्यांत बिशप अकॉन स्वतः येऊन पाहतील, मंडळीत जीव दिसला नाही तर चॅपलला कुलूप, आणि सगळ्यांनी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये सामील व्हावं.

शहर पाच मैल. आमची गाणारी म्हातारी अराबा एसुमान, सगळ्यांची एना, म्हणजे आई; तिचे गुडघे पाच पावलांचे. शिवाय तिची आई याच चॅपलच्या मागे पुरलेली. "माझं गाणं तिला इथून ऐकू जातं," एना म्हणायची. "पाच मैलांवरून ओरडू का?"

गाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे उपदेश एकटा पाळक करत नाही. तो बोलता बोलता योनाला माशाच्या पोटात घालतो, तोच बाकावरून एखादी बाई उठून तो योना गाऊ लागते आणि बाकीच्या तिचा सूर ओढून घेतात. तेवढ्यात पाळक घाम पुसतो, पाणी पितो, पुढचं आठवतो. शेवटही बाईच करते. तिनं शेवटचं गीत उचललं की 'आमेन' म्हणून पाळकानं खाली उतरायचं. आपण होऊन उतरणं म्हणजे यजमानीण वाढत असताना पाहुण्यानं पाटावरून उठण्यासारखं. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही, म्हणूनच ओसोफोंना माहीत नव्हतं. ते लहानाचे मोठे झाले राजधानीत, जिथं उपदेश इंग्रजीत होतो आणि लोक घड्याळाकडे बघत तारण पावतात.

पत्र आल्यावर ओसोफो तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि एक कातडी पिशवी आणि 'नवदृष्टी आराखडा' घेऊन परतले. निवृत्त हेडमास्तर ओटूंना त्यांनी समितीचे चिटणीस केलं. नियम आणि मिश्या या दोनच गोष्टींवर ओटूंचं आयुष्यभर प्रेम होतं.

"मंडळीला दिशा नाही," ओसोफो सभेत म्हणाले. "सांगा बघू, आपला उद्देश काय?"

"देवाची भक्ती," एना अराबा म्हणाली.

"ते झालंच हो, एना. पण उद्देश कसा, मोजता यायला हवा."

"मोजायला ती काय मासळी आहे?" एनाचा धंदा मासळीला धुरी देऊन विकण्याचा, मोजमाप तिला कळत होतं. बायका हसल्या. ओटूंनी 'हशा' अशी नोंद केली आणि मग खोडली.

आराखड्यात नियम सात. त्यातला चौथा असा: उपदेश चालू असता कोणीही मध्येच गाऊ नये. गायचं असल्यास तीन दिवस आधी लेखी अर्ज करून समितीची मंजुरी घ्यावी. मोडणाऱ्यानं पुढच्या रविवारी भक्ती संपेपर्यंत दाराशी उभं राहावं.

"मला लिहिता येत नाही," एना म्हणाली.

"म्हणून तर छापील अर्ज केलेत!" ओसोफो आनंदानं म्हणाले. एवढं बोलून ते थांबले नाहीत. वेदीसमोर सगळ्यांना हात वर करायला लावून त्यांनी नियम पाळण्याचा शब्द घेतला. एनानंही हात वर केला. चॅपल वाचणार असेल तर तिनं दोन्ही पाय वर केले असते.

त्यानंतर चार रविवार ओसोफोंनी बरोबर बावीस मिनिटांचे उपदेश केले. मंडळी हूं की चूं न करता बसली. तिसऱ्या रविवारी एक बकरी आत आली आणि तिनं वेदीवरची फुलं सावकाश खाल्ली. जागेवरून उठू नये हा नियम पाचवा, त्यामुळे कुणी उठलं नाही. 'मंडळीत गांभीर्य आले,' ओसोफोंनी अहवालात लिहिलं. गांभीर्य दर आठवड्याला वाढत होतं आणि माणसं कमी होत होती.

मग आला बिशपांचा रविवार. बिशप अकॉन सत्तरीचे, देहानं भरदार, जुन्या वळणाचे. साडेदहाला ते उपदेशाला उभे राहिले. विषय यहेज्केलाचा, सुक्या हाडांच्या खोऱ्याचा. आवाज असा की पत्र्यावरची पाल जागी झाली. "मानवपुत्रा," बिशप गरजले, "ही हाडे जिवंत होतील काय?"

आणि थांबले. बायकांच्या बाकांकडे आशेनं पाहिलं.

एना अराबानं ओठ असे मिटले होते, जणू तोंडात सुया धरल्यात.

बिशपांना वाटलं, अजून पुरतं रंगलं नाही. मग त्यांनी हाडाला हाड जोडायला घेतलं. घोटा पोटरीला जोडला, पोटरी गुडघ्याला. प्रत्येक सांध्यापाशी थांबायचे, बघायचे, पुढं जायचे. साडेअकराला मानेपर्यंत आले. पावणेबाराला मांस चढलं, कातडी चढली, वारा आला, सैन्य उभं राहिलं. आता यापुढं शास्त्रात काही नाही. गाणं आलं नाही. आपण होऊन उतरायचे तर चाळीस वर्षांची रीत मोडते. बिशपांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बंधूंनो, आता योसेफाच्या हाडांकडे वळू."

योसेफाची हाडं मिसरातून कनानला पोचायला अर्धा तास लागला. मागून अलीशाची हाडं आली. मग आदामाची बरगडी. बाहेर अंगणात बायकांनी बिशपांसाठी उकडलेले कंद कुटून केलेला मऊ फुफू घट्ट होऊ लागला. एक स्वयंपाकीण खिडकीतून डोकावून मुसळ दाखवून गेली, ते कोणासाठी हे कळलं नाही.

"हे थांबत का नाहीत?" ओसोफो ओटूंच्या कानात कुजबुजले.

"गाणं आल्याशिवाय कसे थांबतील?"

"म्हणजे?"

"अहो, उपदेश बायका थांबवतात."

"हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"आपण विचारलंत कधी?" ओटू म्हणाले. "आपण सांगत होतात."

ओसोफो वाकून, जवळजवळ रांगत, एना अराबाच्या बाकापाशी पोचले. "एना, उचला एखादं गाणं. लौकर!"

"अर्ज?"

"कसला अर्ज?"

"तीन दिवस आधीचा. आज दिला तर बुधवारी गाईन."

"मी परवानगी देतो ना!"

"तुम्ही एकटे कसे देणार? समिती लागते."

"एना, सूड उगवू नका हो. तो माणूस पडेल तिथं!"

तेव्हा एनानं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. "सूड? चार रविवार गाणं घशात अडकलंय, काट्यासारखं. मला हौस आहे होय? पण तुम्ही वेदीसमोर माझा हात वर करून घेतलात. देवाच्या घरात दिलेला शब्द मी मोडू? मग चॅपल राहून काय करायचंय?"

ओसोफो रांगत परत आले. बाकाखाली समितीची तातडीची सभा भरली. ओटूंनी आधी मागच्या सभेचा वृत्तांत वाचायचा आग्रह धरला. पाच सभासदांपैकी दोघं घोरत होते, एकाला उठवलं तर तो "अनुमोदन!" म्हणून परत झोपला, पण ठराव अजून मांडलाच नव्हता.

वर व्यासपीठावर बिशप गाढवाच्या जबड्याच्या हाडापर्यंत आले होते. आवाज फाटला होता. एक हात कठड्यावर, दुसरा पोटावर. ते मंडळीकडे पाहत होते आणि त्या पाहण्यात आता आशा नव्हती. कुलूप ओसोफोंना स्पष्ट दिसलं. किल्लीसुद्धा दिसली.

ओसोफो उभे राहिले. शिबिरात यासाठी काही शिकवलं नव्हतं. त्यांच्या पोटात गाणं एकच होतं, आजीनं कधीतरी धान्य पाखडताना म्हटलेलं. ते त्यांनी उचललं, आणि फार वर उचललं.

"उठ गं हाडा, वारा आलाऽऽ..."

फुलं खाऊन गेलेली बकरी बरी, असा तो आवाज. बायकांनी अंग चोरलं. दुसरी ओळ आणखी वाकडी गेली. तिसरीला एना अराबानं कान झाकले. "अरे देवा, हा गाण्याचा जीव घेतोय!" असं म्हणत ती दोन्ही गुडघ्यांची करकर ऐकवत उभी राहिली. नियम ज्याचा त्यानंच मोडला, आता शब्द कुणाचा राहिला? तिनं ते गाणं ओसोफोंच्या तोंडातून काढून घेतलं, जसं लेकराच्या हातून सुरी काढून घ्यावी.

आणि मग काय सांगू! चार रविवारांचं साठलेलं होतं. मागचे बाक उठले, टाळ्या आल्या, रुमाल हलले, घोरणारे सभासद नाचत जागे झाले, स्वयंपाकिणी मुसळांसकट आत आल्या. त्या खोऱ्यात त्या दिवशी काय झालं असेल ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"आमेन!" बिशप पहिल्याच कडव्यात म्हणाले आणि खुर्चीत कोसळले.

जेवताना बुटाच्या तळव्यासारखा फुफू चावत त्यांनी एनाला बोलावून घेतलं. "चाळीस वर्षांपूर्वी मी शिकाऊ उपदेशक म्हणून इथं आलो होतो. नोहाला तारवात बसवलं आणि पुढचं सगळं विसरलो. एका बाईनं गाऊन मला अरारातावर पोचवलं. ती तू ना?"

"मीच. पाऊस फार लांबवला होतात तुम्ही."

"आजही लांबला," बिशप म्हणाले. "या चॅपलला कुलूप कोण घालतो ते बघू."

चॅपल वाचलं. ओटूंनी नियम चार काढून दाखवला, आणि पुढच्या रविवारी ओसोफो बेंट्सिल भक्तीभर दाराशी उभे राहिले. इथं गोष्ट संपली असती तर मी ती मोठ्यानं सांगितली असती.

पण ओसोफोंनी अहवाल लिहिला. 'नवदृष्टीचा मौन टप्पा यशस्वी. चार आठवडे राखलेल्या शांततेतून मंडळीचा स्वर नियोजनाप्रमाणे प्रकट झाला.' वरच्या कचेरीला तो इतका आवडला की त्यांना तिकडेच बोलावून घेतलं. आता ते गावोगावच्या पाळकांना शिबिरात शिकवतात, मंडळी जागवायची तर आधी तिला गप्प कसं बसवायचं. आमच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लागली आहे. तिच्यावर त्यांचं नाव, समितीची पाचही नावं, झोपलेल्यांची आधी. एना अराबाचं नाही. उरलेले छापील अर्ज तेवढे तिला मिळाले. दोन वर्षं ती त्यांत मासळी बांधून देत होती.

आता ती चॅपलच्या मागे आईशेजारी निजली आहे. आमचं गाणं तिथं ऐकू जातं. तुम्ही कुठंही उपदेशाला बसाल, आणि उपदेशक शब्द शोधत थांबेल, तेव्हा पाटीवर नसलेलं ते नाव आठवा: अराबा एसुमान. आणि अर्ज न करता गा.