परबकाकांची पुरवणी

परबकाकांना "कसे आहात?" असं विचारायचं धाडस आमच्या मानखुर्दच्या चाळीत कुणी करत नाही. बाकीची माणसं "बरं आहे" म्हणून सुटतात. काका पोट साफ झालं की नाही इथपासून सुरू करतात. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर काका त्यांना जिन्यातच म्हणाले, "पोरगी गुणी. पण सकाळी उठणा नाय." लग्न जमलं, तरी मुलीची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही.

मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. मुंबईत माझं कुणी नाही. एका सरकारी केंद्राच्या कॅन्टीनमध्ये काम मिळणार होतं, पण आत जायचा पास पोलीस चौकशीनंतरच. फॉर्मवर प्रश्न होता : कधी अमली पदार्थ घेतले होते का? दोन वर्षांपूर्वी बिल्डिंगच्या साइटवर असताना मी पाचसहा महिने गांजा ओढलेला.

"'नाही' लिही ना यार, कोण बघायला येतंय?" रूममेट म्हणाला.

शेजारीच बसलेल्या काकांनी माझ्या हातातलं पेनच काढून घेतलं. "काय ता खरा लिव, झिला." आणि स्वतःच लिहायला बसले. कधी, किती, कधी सोडला. जागा पुरेना, तेव्हा वर पुरवणी जोडली! मी म्हटलं, "काका, वाट लागली माझी."

हवालदार चौकशीला आला, त्याला काकांनी बसवून चहा दिला. "पोरगो ओढी होतो. आता दीड वर्ष नाय. रोज सांजेक मी त्याच्या तोंडाचो वास घेतंय." संध्याकाळी काका माझ्या इतक्या जवळ येऊन का बोलतात, ते मला तेव्हा कळलं.

महिनाभर धड झोप नाही. शेवटी केंद्रातल्या साहेबांनी बोलावलं. पुरवणी दोनदा वाचली. "हे लपवलं असतंस, तर आत्ता परत पाठवला असता," म्हणाले आणि सही केली.

पेढे घेऊन धावत काकांकडे गेलो. पास त्यांनी दोन्ही हातांत धरला, उलटा केला, सुलटा केला.

"माझ्या संजयच्या नोकरीचो फॉर्म पण मीच भरलंय," ते म्हणाले. "'नाय' म्हणून मीच लिवलंय. गांजासाठी नाय काढल्यानी त्याका, खोट्यासाठी काढल्यानी."

संजय त्यांचा मुलगा. नाहूरला राहतो. नऊ वर्षं बापाशी बोललेला नाही.

"तुझ्या फोनवरून त्याका मेसेज कर."

"काय लिहू?"

काकांनी पाकिटातून संजयच्या नंबराची चिठ्ठी काढून दिली. म्हणाले, "लिव, चूक माझी होती."

मी वाचून दाखवलं. पाठवलं. एकच टिक आली; मेसेज गेला, पण पोचला नव्हता.

"माका चष्मो दी," काका म्हणाले. आणि पेढा तसाच बाजूला ठेवून त्या एका टिककडे बघत बसले.