भट्टी की डबी

कुपात होलिमच्या, म्हणजे आरोग्यविम्याच्या, दवाखान्यात एझ्राभाऊ आणि मी रांगेत बसलो होतो. मागं कुणाच्या तरी हातून नाणं पडलं, फरशीवर दोनदा उडालं आणि खुर्चीखाली गेलं. एक वयस्कर रशियन बाई कण्हत वाकायला लागल्या. एझ्राभाऊंनी मान वळवली नाही, मिटलेले डोळेही उघडले नाहीत. हिब्रूत म्हणाले, "दहा अगोरोत आहे. वाकू नका, कमरेला महाग पडेल."

बाई वाकल्याच. नाणं दहा अगोरोतचंच निघालं. पण उठताना त्यांची कंबर धरली आणि नर्सनं त्यांना आमच्या आधी आत घेतलं.

"बगा मास्तर," एझ्राभाऊ मला म्हणाले, "खरं सांगा, वर आपलाच नंबर घालवा."

मला ते मास्तर म्हणतात. मुंबईत मी दोनच वर्षं शाळेत शिकवलं. पुढची सगळी वर्षं इथं इस्रायलमध्ये, ओफाकिमच्या वाचनालयात हिब्रू पुस्तकं फळीवर लावण्यात गेली. पण एझ्राभाऊंच्या लेखी माणूस मुंबई सोडताना जो होता तोच कायमचा राहतो. त्या हिशेबानं ते स्वतः अजून टाकसाळीत आहेत. इथं कापडाच्या कारखान्यात त्यांनी निवृत्त होईपर्यंत काम केलं, पण ते त्यांच्या मते मधल्या सुट्टीसारखं.

टाकसाळीत त्यांच्यापुढं झिजलेल्या, बाद झालेल्या नाण्यांची पोती ओतली जात. एकेक नाणं बघायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. साधं असलं तर भट्टी. धातूपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर साहेबाच्या टेबलावर एक डबी असे, तीत. दिवसभरात हजारो भट्ट्या, आणि महिन्यातून एखादी डबी. बावीस वर्षं हे केल्यावर माणसाला जगात तिसरं काही दिसत नसावं. प्रार्थना म्हणणाऱ्या नव्या हझानचं गाणं? "भट्टी." शेजारणीच्या हातचा चिकाचा हलवा? "डबी." निवडणुकीला उभे राहिलेले तिन्ही उमेदवार? "एकाच पोत्यातले."

माझ्या मुलीनं, ओर्लीनं, लग्नाआधी मुलगा दाखवायला घरी आणला तेव्हा एझ्राभाऊ हजर होते. त्यांनी त्याच्याशी हात मिळवला, तो हसेपर्यंत थांबले, डोळे मिटून ते हसणं ऐकलं आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणाले, "आवाज पोकळ हाय. भट्टी." मुलाला वाटलं आशीर्वाद दिला. तो मान लववून म्हणाला, "आमेन." त्या लग्नाला आता बारा वर्षं झाली, दोन मुलं आहेत, सगळं छान आहे. मी तसं सुनावलं की एझ्राभाऊ म्हणतात, "भट्टी तापायला टायम लागतो, मास्तर."

त्यांच्याकडं सोनाराचा छोटा काटा होता आणि राणीच्या वेळचा एक साधा रुपया. रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, हे त्यांचं पृथ्वीवरचं एकमेव स्थिर सत्य. भाजीवाल्या आल्बेरच्या तराजूवर त्यांनी एकदा हा रुपया टाकला. तराजूनं जास्त दाखवलं. आल्बेर मूळचा मोरोक्कोचा, हजरजबाबी. म्हणाला, "हाबीबी, तुझी राणी नेगेवच्या वाळवंटात येऊन जाड झाली." तेव्हापासून एझ्राभाऊ शेजारच्या नेतिवोतला बसनं जाऊन टोमॅटो आणत.

आणि त्यांच्या पँटच्या खिशात त्यांची स्वतःची एक डबी असे. तपकिरीची, पितळेची. चालताना आत काहीतरी वाजे. डबीत काय आहे ते त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही, त्यामुळं सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या प्रार्थनास्थळात काहींचं म्हणणं होतं की त्यात तेल अवीवमधल्या फ्लॅटइतका माल आहे.

माझी बायको रिबका गेली त्याला आता दीड वर्ष होत आलं. हे वाक्य मी पहिल्या पानावर लिहायला हवं होतं, पण ते लिहायला मला इतका वेळ लागला.

'शिवा'चे, म्हणजे आमच्या सुतकाचे पहिले, सात दिवस संपले. ओर्लीनं कपाटं उघडली आणि खालच्या कप्प्यातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. उचलताना तिला दोन्ही हात लागले. "अबा, मा झे?" तिनं विचारलं. हे काय?

ते आमच्या संसारातलं सर्वात जुनं भांडण होतं. मुंबई सोडताना विमानात सामान वजन करून, मोजकंच नेता येणार होतं. रिबकानं हा डबा घेतला आणि माझी पुस्तकांची ट्रंक मागं राहिली. डब्यात जुनी नाणी होती: आईनं दिलेली, मावश्यांनी हातावर ठेवलेली, आजीच्या कमरेच्या पिशवीतली. ढब्बू पैसे, पावल्या, चवल्या, चांदीचे काही रुपये. "एक दिवस ह्यांची किंमत होईल, बघशील," ती म्हणे. मी म्हणे, "किलोवर." तीस वर्षं मी तेच म्हणत आलो. ती रागावली की मी आणखी एकदा म्हणे.

ओर्लीच्या ओळखीचा तेल अवीवला एक दुकानदार होता, तो जुनी नाणी वजनावर घेई. "त्याला देऊन टाकू, अबा." मी म्हटलं, आधी एझ्राभाऊंना दाखवू. कारण एवढंच की त्यांनी एकदा "डबी" म्हणावं अशी माझी इच्छा होती. तीस वर्षांच्या त्या भांडणात मला हरायचं होतं. समोर जिंकणारी नव्हती, पण निदान निकाल तरी तिच्या बाजूनं लागावा.

महिन्याचं सुतक संपल्यावर एका मंगळवारी चार वाजता एझ्राभाऊ काटा घेऊन आले. डबा उघडला. मूठभर नाण्यांना त्यांना दोन मिनिटं पुरत. इथं ते आत नुसते बघत राहिले. मग झाकण अलगद लावलं.

"टायम लागेल," ते म्हणाले.

"किती?"

"एका टायमाला एक नाणं. दर मंगळवारी येतो. लिफाफे हायत का लहान?"

त्यांनी पहिलं नाणं काढलं, एक पावली. तोलली, टेबलावर वाजवली, आणि निकालाऐवजी मला विचारलं, "हे कुठून आलं?"

"मला काय माहीत? तिचं होतं."

"मग आठवा. माल कुठून आला ते लिवलं नाय तर टाकसाळ पोतं उघडत नाय."

मला आठवलं. आमच्या साखरपुड्यात तिच्या पनवेलच्या मावशीनं तिला दिलेली पावली. पाव्हण्यांत चर्चा झाली होती की मावशी चिक्कू आहे. मी ते लिफाफ्यावर मराठीत लिहिलं. कितीतरी वर्षांनी मराठीत लिहीत होतो, 'ळ' काढताना हात अडखळला. एझ्राभाऊंनी वाचलं. "मावशी चिक्कू हे नाय लिवलंत."

"ते पण?"

"तेच तर."

असे मंगळवार सुरू झाले. ज्या नाण्यांचं मला माहीत नसे, त्यांच्यासाठी रिबकाच्या बहिणीला, एलातच्या लेयाला, फोन लावावा लागे. ती तिथल्या हॉटेलात चादरी धुण्याच्या खात्यात होती. मी आधी तिच्याशी वर्षातून दोनदा, सणाला बोलत असे. आता दर मंगळवारी. एकदा भोकाचा पैसा निघाला. लेया फोनवर हसायलाच लागली. "त्या भोकातनं आमी दोघी समोरच्या खोलीतल्या मुलाला बगायचो!"

"कुठला मुलगा?"

"आता तुला सांगून काय करू, भावजी? तू काय भांडायला जाणार?"

एझ्राभाऊ शेजारी बसून ऐकत होते. "लिवा," ते म्हणाले. "समोरच्या खोलीतला मुलगा. नाव ठाऊक नाय."

निकाल मात्र एकाही नाण्याचा लागत नव्हता. ओर्ली फोन करी. "नू, अबा? कामा?" किती आले? मी मराठीत सांगे, "टायम लागेल." ती हिब्रूत विचारी की तो म्हातारा फक्त चहा प्यायला येतो का. तशी शंका मलाही यायला लागली होती. त्यात डबा काही रिकामा होईना.

शेवटी मी, आयुष्यभर जे केलं तेच केलं. पुस्तक शोधलं. बेरशेवाच्या वाचनालयातून नाण्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक मागवलं आणि आठवडाभर वाचलं. संग्राहकांचा पहिला नियम त्यात पहिल्याच प्रकरणात होता. नाणं घासायचं नाही. कधीच नाही. वर्षानुवर्षं चढलेला काळेपणा हाच त्याचा दाखला. घासून चकचकीत केलेल्या नाण्याला धातूचीच किंमत.

मी पुस्तक मिटलं.

आम्हा ज्यू लोकांकडं पेसाहच्या सणाआधी घरातलं सगळं खमीर बाहेर काढतात. पाव नाही, बिस्किटं नाहीत, त्यांचा चुरासुद्धा नाही. रिबकाची नाणी बिस्किटांच्या डब्यात होती. त्यामुळं दरवर्षी पेसाहला ती डबा खळखळून धुवी आणि प्रत्येक नाणं चिंच आणि मिठानं घासून खिडकीत पंचावर वाळत घाली. "अगं, त्यातली बिस्किटं मुंबईतच संपली," मी म्हणे. "चुरा असेल कुठंतरी," ती म्हणे. तीस पेसाह. राजाचं नाक गेलं, राणीचा मुकुट गुळगुळीत झाला. एझ्राभाऊंनी झाकण उघडलं तेव्हा आत आरशासारखा लखलखाट होता. म्हणजे त्यांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं.

दोन मंगळवार तसेच गेले. एवढंच लक्षात आलं की त्यांची खिशातली डबी आता वाजत नव्हती. वाटलं, घरी ठेवून येत असतील.

मग पेसाह जवळ आला. त्या मंगळवारी मी सकाळी चिंच भिजत घातली. चार वाजता एझ्राभाऊ आले तेव्हा मी बाह्या वर करून स्वयंपाकघरात नाणी घासत होतो. मला वाटलं होतं की ते ओरडतील. टाकसाळीतला माणूस, आणि त्याच्यादेखत नाण्याला चिंच! त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली. पाच-सहा नाणी होईपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "मीठ कमी हाय. वयनी जास्त घालायच्या."

"तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मी म्हटलं.

"झाकण उघडायच्या आधी. चिंचेचा वास आला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमचं तोंड बगितलं. खोटा निकाल मी उभ्या जन्मात दिला नाय. म्हणून दिलाच नाय."

मी घासत राहिलो. एक पावली, एक ढब्बू, एक चवली. मग हाताला एक रुपया लागला. तो काळा होता. पार काळा, कडेला निळसर, आणि राजाचं नाक जागच्या जागी. तीस वर्षांत ह्याला चिंच लागलेली नव्हती. मी तो भांड्यात बुडवणार, तेवढ्यात एझ्राभाऊंनी माझं मनगट धरलं.

"ते नको, मास्तर."

मी साल बघितलं. एकोणचाळीस. पुस्तकात ह्या सालच्या रुपयाला वेगळी जागा दिलेली होती. फार थोडे बाहेर पडले, असं लिहिलं होतं.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

ते काट्याशी चाळा करत राहिले. ही त्यांची ओळ होती, दुसऱ्यानं म्हटलेली त्यांनी बहुधा कधी ऐकली नव्हती.

"डब्यातलंच हाय."

"एझ्राभाऊ. हे घासलेलं नाही."

त्यांनी खिशातून पितळेची डबी काढून टेबलावर ठेवली आणि उघडली. रिकामी होती. तेल अवीवचा फ्लॅट म्हणजे हा एक रुपया. गावभर जी खुळखुळ ऐकू यायची ती एकाच नाण्याची आहे, हे ओळखायला त्यांचेच कान हवे होते.

"आता विचारा डब्याचा निकाल," ते म्हणाले.

"सांगा."

"एक तरी नाणं धातूच्या वर असलं, की अख्खा डबा धातूच्या वर. टाकसाळीचा नियम हाय. वयनी बरोबर होत्या." आणि मग घाईनं, "आता लेखी पायजे तर लेखी देतो."

"हे मला घेता येणार नाही."

"ऱ्हाऊ द्या डब्यात. माझ्याकडं कोण बसलंय विचारायला, कुठून आलं म्हणून?"

मी हात धुतले, पुसले. ड्रॉवरमधून लिफाफा काढला आणि पेनचं टोपण उघडून त्यांच्यासमोर बसलो. बराच वेळ काटा वरखाली होत राहिला.

तिचं नाव सिमा होतं. अलिबागकडची. बोलणी पक्की झाली तेव्हा तिच्या बापानं हातावर हा रुपया ठेवला. एझ्राभाऊ आधी इथं आले, घर मिळालं की तिला बोलावणार होते. ती पत्रात विचारी, कधी. ते लिहीत, टायम लागेल. घर मिळालं तोपर्यंत पत्रं थांबली होती. मोडलेल्या लग्नाचा रुपया परत करायचा असतो. तो त्यांनी केला नाही. "पाठवला असता तर मोडलं असं झालं असतं ना," ते म्हणाले.

मी सगळं लिहिलं. लिफाफा लहान होता, मागची बाजूही भरली.

"वाचून दाखवा."

मी वाचलं. एझ्राभाऊंनी डोळे मिटून घेतले, मान किंचित एका बाजूला, फरशीवर पडलेलं नाणं ऐकतात तशी. मी थांबलो तरी डोळे उघडले नाहीत.

"पुन्यांदा," ते म्हणाले. "नावापासून."